शार्लट कूपरला न मिळालेलं सुवर्णपदक

‘शार्लट कूपर, ऑलिम्पिक सुवर्णपदक जिंकणारी जगातली पहिली महिला. त्या काळी बायका टेनिस गंमत म्हणूनच खेळत. पुढे लग्न झालं आणि तिचा खेळ सुटला.’ महिला दिन आला की असा मजकूर व्हॉट्सअॅपवर फिरायला लागतो.

आधी पदकाचं बघू. १९०० च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये टेनिसच्या विजेत्यांना सुवर्णपदक दिलंच गेलं नव्हतं. सुवर्ण, रौप्य, कांस्य ही उतरंड आली १९०४ मध्ये, सेंट लुईसला. कूपरच्या नावापुढचं ‘सुवर्ण’ नंतर याद्या करणाऱ्यांनी चिकटवलेलं आहे. बरं, ‘पहिली’ तरी? तिने अंतिम सामन्यात एलेन प्रेव्होला ६-१, ६-४ असं हरवलं ते ११ जुलैला. त्याआधीच, २२ मे रोजी, स्वित्झर्लंडची एलेन द पुर्तालेस शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत ‘लेरिना’ या होडीवरच्या विजेत्या चमूत होती. कूपर ही वैयक्तिक स्पर्धा जिंकणारी पहिली महिला, आणि तो मान काही लहान नाही. पण ‘वैयक्तिक’ एवढा एकच शब्द नेमका गळतो.

आता ती ‘गंमत’. कूपरला १८९६ पासून, वयाच्या सव्विसाव्या वर्षापासून, ऐकू येत नव्हतं. रॅकेटवर चेंडू कसा बसला हे खेळाडूला निम्मं कानाने कळतं. हिची सगळी भिस्त डोळ्यांवर, आणि तरी पायघोळ झग्यात ही नेटवर धावून व्हॉली, म्हणजे टप्पा पडायच्या आतच चेंडू, मारणार! १९०२ च्या विंबल्डनला म्युरियल रॉबविरुद्ध पहिला सेट हिने ६-४ घेतला, दुसरा रॉबने १३-११, आणि पाऊस आला. दुसऱ्या दिवशी सामना चक्क पहिल्यापासून खेळवला. रॉब ७-५, ६-१ अशी जिंकली. दोन दिवसांचे मिळून ५३ गेम. हौसेखातर एवढं कोण पळतं?

राहिलं लग्न. ते झालं जानेवारी १९०१ मध्ये, आल्फ्रेड स्टेरीशी. त्याच उन्हाळ्यात तिने विंबल्डन जिंकलं. १९०८ ला, दोन मुलांची आई असताना, सदतिसाव्या वर्षी पुन्हा. त्या वर्षी गतविजेती मे सटन खेळायला आली नव्हती, हे मान्य. पण वाटेत तोवर तीनदा विजेती ठरलेली डोरोथिया लँबर्ट चेंबर्स होती, तिला हिने ६-३, ७-५ असं घरी पाठवलं. विंबल्डनची सर्वांत वयस्क महिला एकेरी विजेती अजूनही हीच. आणि १९१२ मध्ये, एक्केचाळिशीत, ती परत अंतिम फेरीत होती.