लेखन कार्यशाळेत खर्डा उघडायला हवा

पावसाळा लागला की दोन प्रकारच्या पोस्ट दिसायला लागतात. दिवाळी अंकांसाठी साहित्य पाठवा, ही एक. आणि कथालेखन, कवितालेखन, ललितलेखन कार्यशाळेची जाहिरात, ही दुसरी. या दुसऱ्या प्रकाराबद्दल बरेच दिवस लिहायचं मनात होतं. पुण्यातल्या अशा कार्यशाळांना मी कितीतरी वर्षं जाते आहे, आता काही ठिकाणी शिकवायलाही जाते, आणि हा विषय मला मनापासून जवळचा आहे.

"प्रेरणा कशी मिळते?" हा प्रश्न प्रत्येक ठिकाणी येतोच. उत्तरंही ठरलेली असतात. भरपूर वाचा, फिरा, माणसं बघा, रोज थोडं तरी लिहा. यात चुकीचं काही नाही. पण विचारणाऱ्याकडे नीट बघितलं तर त्याच्या पिशवीत वही असते. तो लिहितोच आहे. अर्ध्यावर अडकलाय, आणि हे कोणाला दाखवावं ते त्याला कळत नाही. माझं मत असं की नव्या लेखकाला सगळ्यात आधी वाचणारा माणूस हवा. ओळ न ओळ वाचणारा, शंका काढणारा, आणि "पुढचं कधी आणताय?" म्हणून मागे लागणारा. असं कोणी मिळालं की सुचायला लागतं. कोणी वाट बघतंय म्हटलं की हात चालतो.

आपल्याकडे हे नेहमी असंच चालत आलंय. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली पुण्यात 'करमणूक' साप्ताहिक सुरू केलं आणि त्यातून त्यांच्या कादंबऱ्या क्रमशः यायला लागल्या. हा माणूस आनंदाश्रम या संस्कृत ग्रंथ छापणाऱ्या संस्थेची व्यवस्था बघत होता, नगरपालिकेत काम करत होता, आणि तरी अंक निघायचा म्हणजे प्रकरण तयार ठेवत होता. वाचक ताटकळत असायचे. पुढे १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, आणि तेव्हापासून मराठी लेखकाला वर्षातून एकदा का होईना, मुदत मिळाली. केवळ संपादकाचा तिसरा फोन आला म्हणून पूर्ण झालेल्या किती कथा आपल्या भाषेत असतील! मला त्यात काही कमीपणा वाटत नाही.

आणि संपादक नुसती मुदत देत नव्हते. 'सत्यकथा' मासिकात श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना कथेबद्दल सविस्तर पत्रं लिहायचे. इथे पात्र धूसर आहे, हा शेवट आधीच कळतो, पुन्हा लिहून बघा. काहींना तो जाच वाटला. ठरावीक साच्याचंच छापतात म्हणून १९६९ साली लघुनियतकालिकं, म्हणजे स्वतःची छोटी बंडखोर नियतकालिकं, काढणाऱ्या तरुणांनी 'सत्यकथे'च्या अंकाची होळीही केली. त्यांचा राग मला पटतो, कारण एकाच कार्यालयाची अभिरुची साऱ्या भाषेची होऊ नये. पण १९८२ साली 'सत्यकथा' बंद झालं, आणि त्याबरोबर हस्तलिखित हातात घेऊन पत्र लिहिण्याची ती रीतही विरळ झाली. 'साभार परत' येणं वाईट होतंच, पण निदान कोणीतरी वाचून परत केलंय एवढं तरी कळायचं.

आता काय होतं? कथा व्हॉट्सअॅपवर टाकली की दहा मिनिटांत "अप्रतिम", "खूपच छान", हात जोडलेले, फुलं. लिहिणाऱ्याला त्या क्षणी बरं वाटतं. दुसऱ्या दिवशी तो आहे तिथेच असतो.

ही जागा कार्यशाळेनं भरून काढावी. पण आपल्या बऱ्याच कार्यशाळा म्हणजे दिवसभराची भाषणं असतात. मागच्या वर्षी अशाच एका ठिकाणी सकाळी दीपप्रज्वलन, सत्कार, शाल-श्रीफळ यांत दीड तास गेला. मग तीन व्याख्यानं. जेवण उत्तम. संध्याकाळी प्रमाणपत्रं आणि ग्रुप फोटो. माझ्या शेजारी बारामतीहून पहाटेच्या एसटीनं आलेली मुलगी होती. तिनं प्लास्टिकच्या फाइलमध्ये कथा आणली होती, स्वच्छ अक्षरात, समासात पेन्सिलीनं स्वतःच खुणा करून. ती फाइल दिवसभर मांडीवर राहिली. कोणी मागितलीच नाही. फोटोतही ती फाइल छातीशी धरून उभी आहे. मला याचा फार राग आला आणि तो अजून गेलेला नाही.

याच्या उलट काय होतं तेही सांगते. आम्ही दहा-बारा जण एकमेकांच्या घरी जमतो. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी नारायण पेठेतल्या वाड्याची कथा आणली होती. वाडा बिल्डरला दिला, दोन भावांत वितुष्ट आलं. कथेत "रक्ताची नाती पैशापुढे फिकी पडली" अशा तऱ्हेची वाक्यं भरपूर. सगळे जरा अवघडले. काकांनी जीव ओतून लिहिलंय हे दिसत होतं, पण मनाला काही भिडत नव्हतं. मग इंजिनिअरिंगच्या एका मुलीनं विचारलं, "काका, वाड्यातला नळ कोणाच्या वाट्याला आला?"

काका म्हणाले, "नळ सामाईकच होता." थोडं थांबले आणि सांगायला लागले. आधी त्यांची बायको आणि वहिनी पहाटे मिळून पाणी भरायच्या. एकीनं कळशी लावायची, दुसरीनं उचलायची. आपलं पिंप भरलं तरी वहिनी नळ चालू ठेवायची, खाली यांची बादली सरकवायची आणि मग आत जायची. करारावर सह्या झाल्या त्या आठवड्यात एका पहाटे काका बाहेर आले तर बादली रिकामी आणि नळ बंद. घट्ट पिळून बंद केलेला. "तेव्हा मला कळलं," ते म्हणाले.

पुढच्या खेपेला त्यांनी आणलेली कथा त्या बंद नळापासून सुरू होत होती. रक्ताच्या नात्यांचं वाक्य गेलं होतं. ते काढा असं आम्ही कोणीही म्हटलेलं नव्हतं. बादली त्यांच्याजवळ इतकी वर्षं होतीच, फक्त तिच्याबद्दल कोणी विचारलं नव्हतं.

या पद्धतीत नवं काही नाही. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून लेखनाची कार्यशाळा चालते. खर्डा आधी सगळ्यांना द्यायचा, घरून वाचून यायचं, आणि चर्चा चालू असताना लेखकानं गप्प बसायचं, ही रीत तिथूनच जगभर गेली. गप्प बसण्याचा नियम मात्र मी पाळत नाही. काका गप्प बसले असते तर नळाचं कळलंच नसतं. बाकी सगळं मला मान्य आहे. झेरॉक्स आठवडाभर आधी, एका बैठकीत दोनच खर्डे, आणि "छान" म्हणायला बंदी. छान वाटलं तर कुठली ओळ आणि का, ते सांगायचं.

पुण्यात आणखी एक पथ्य पाळायला हवं. लातूरकडून शिकायला आलेल्या एका मुलाच्या कथेत आजी तिच्या बोलीत बोलत होती, आणि आमच्यातल्या एकांनी लाल पेननं ते सगळं "शुद्ध" करून दिलं. मदत म्हणूनच केलं त्यांनी. पण आजी सदाशिव पेठेतली झाली की कथा संपली! भाषा दुरुस्त करून देण्याचा हात आपल्याकडे फार लवकर उठतो. तो आवरायला हवा. समोरचा काय सांगू पाहतोय ते पूर्ण ऐकून घेण्याआधी तर नक्कीच.

यासाठी फार खर्च लागत नाही. एक खोली, पंखा, दहा खुर्च्या. या शहरात पुणे नगर वाचन मंदिर १८४८ पासून आहे, महाराष्ट्र साहित्य परिषद १९०६ पासून. पेठापेठांत, उपनगरांत लहान वाचनालयं आहेत, आणि त्यातल्या कितीतरींची खोली संध्याकाळी सातनंतर रिकामी असते. वाचनालय चालवणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, महिन्यातल्या दोन संध्याकाळी ती खोली लिहिणाऱ्यांना द्या. पाहुणे नकोत, हार नकोत. आणि कार्यशाळा भरवणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे की सत्काराचा वेळ कमी करा आणि आलेल्या प्रत्येकाचं निदान एक पान वाचा.

कोथरूड, वारजे, हडपसर, पिंपरी-चिंचवड, कुठेही अशी जागा माहीत असेल तर खाली लिहा. खर्डा तयार असेल पण वाचायला कोणी नसेल, तर तेही लिहा. बारामतीची ती मुलगी हे वाचत असेल तर तिनं जरूर लिहावं. तिची कथा मला वाचायची आहे.