प्रश्न पैशाचा होता, उत्तर लढाईचं आलं

खूप दिवसांनी मोठं लिहितोय. विषय मनात सलतोय म्हणून.

अमेरिकेत सॅन डिएगो भागातून काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेलेले डंकन हंटर. मरीन कोअर या अमेरिकी सैन्यदलातले अधिकारी, इराक आणि अफगाणिस्तान दोन्हीकडे तैनात होते. त्या सेवेबद्दल माझ्या मनात आदरच आहे. ऑगस्ट 2018 मध्ये त्यांच्यावर आणि पत्नीवर आरोपपत्र दाखल झालं. निवडणूक निधीतले अडीच लाख डॉलरहून जास्त पैसे घरखर्चात वापरले, असा आरोप. इटलीची सहल, मुलांची शाळेची फी, अगदी घरच्या सशाचं विमानभाडंसुद्धा.

टीव्हीवर विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं, 2003 मध्ये पहिल्यांदा इराकला जाताना पत्नीला मुखत्यारपत्र दिलं, लष्करात असेपर्यंत पैशाचा व्यवहार तीच बघायची, काँग्रेसमध्ये आल्यावरही तेच चालू राहिलं. इटलीची सहल 2015 मधली. बारा वर्षांनंतरच्या सहलीचा हिशेब द्यायला इराक कशाला हवं?

त्याच आरोपपत्रातली एक नोंद माझ्या डोक्यातून जात नाही. हंटरना हाफ पँट घ्यायची होती आणि स्वतःकडे पैसे नव्हते. पत्नीनं सुचवलं, गोल्फच्या दुकानातून घे, म्हणजे जखमी सैनिकांसाठी बॉल घेतले असं दाखवता येईल. लढाईत हातपाय गमावून आलेल्या पोरांच्या नावावर एक हाफ पँट! वाचून पोटात ढवळलं हो.

डिसेंबर 2019 मध्ये हंटरनी गुन्हा कबूल केला, पुढच्या मार्चमध्ये 11 महिन्यांची शिक्षा झाली. तुरुंगात जायच्या आधीच ट्रम्प यांनी माफी दिली.

त्याच भागातले, त्यांच्या आधीच्या काळातले खासदार रँडी कनिंगहॅम तर व्हिएतनाम युद्धात पाच विमानं पाडलेले नौदलाचे वैमानिक. त्यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून 24 लाख डॉलरची लाच घेतली. किती रकमेच्या कंत्राटाला किती लाच, याचं दरपत्रकच काँग्रेसची मुद्रा असलेल्या चिठ्ठीवर लिहिलेलं सापडलं. 2006 मध्ये शिक्षा ठरताना वकिलांनी पुन्हा तीच लष्करी सेवा पुढे केली. न्यायाधीशांनी आठ वर्षं चार महिने दिले. पुढे माफी त्यांनाही मिळाली, सशर्त.

मला राग येतो तो इथे. पाच विमानं पाडली हे खरंच आहे, ते कुणी हिरावून घेत नाही. पण त्या धाडसाची सही कंत्राटाच्या कागदावर चालत नाही. आणि 'मी देशासाठी लढलो' म्हटलं की विचारणाराच गप्प होतो, जणू त्यानं सैन्याचाच अपमान केला.

आमचे वडील सुभेदार म्हणून निवृत्त झाले. गावच्या यात्रा कमिटीचे खजिनदार होते. एका वर्षी ग्रामसभेत एका तरण्या पोरानं उभं राहून विचारलं, "तात्या, मंडपाच्या पावतीत तीनशे रुपयांचा फरक कसा?" सभा एकदम चिडीचूप. दोघं-तिघं त्या पोरावर धावून गेले, "फौजी माणसाला विचारतोस?" तात्यांनी हात वर करून त्यांना खाली बसवलं. घरी गेले, वही घेऊन आले, चष्मा लावला आणि त्या पोराला शेजारी बसवून एकेक पावती वाचून दाखवली. फरक निघाला बेरजेतला, त्यांच्याच हातचा. त्यांनी तिथल्या तिथे खिशातून तीनशे रुपये काढले, वहीत नोंद केली आणि खाली पोराची सही घेतली.

ती वही अजून आमच्या ट्रंकेत आहे, त्यांच्या मेडलच्या डबीखाली.