ससाणीणबाईंचं बाळंतपण

इंग्लंडात यॉर्कशायरला मॅलम कोव्ह म्हणून चुनखडीचा अर्धगोल कडा आहे. उंची साधारण 80 मीटर, तोंड दक्षिणेला. तिथला 'रेनडॉग्ज' हा 8ए दर्जाचा स्पोर्ट रूट, म्हणजे कड्यात बोल्ट ठोकून दोर अडकवत चढायची वाट (आकडा आणि अक्षर जेवढं पुढचं, तेवढी वाट अवघड). तो संपतो तिथून वर गेलात की 'रेनशॅडो', 9ए, स्टीव्ह मॅक्लूर यांनी 2003 साली चढलेला. 2017 मध्ये याच गृहस्थांनी त्यातूनच 'रेनमॅन' काढला, 9बी. आम्हा सरड्यांची धाव रेनडॉग्जच्या शेवटच्या साखळीपर्यंत, आणि बहुतेकदा तिच्या अलीकडेच.

आता या कड्याचं पंचांग पाहा. हिवाळाभर त्यातून पाणी झिरपतं. पाऊस थांबला म्हणून झिरप थांबत नाही, चुनखडीच्या फटींत साठलेलं पाणी सावकाश उतरत राहतं. वसंतात कधीतरी होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायचे कंगोरे नि खाचा, कोरडे होतात. हवा गार, बोटांना घाम नाही, दगड हाताला धरून ठेवतो. नेमका हाच मुहूर्त साधून बहिरी ससाण्याची मादी कपारीत तीन-चार अंडी घालते! घरटं म्हणाल तर काटकीसुद्धा आणत नाही. मातीत खळगा उकरला की झाला संसार. महिनाभर उबवणं, मग पिल्लं उडेपर्यंत पाच-सहा आठवडे. म्हणजे आमचा अख्खा हंगाम बाईंच्या बाळंतपणात.

कायदाही माहेरच्या माणसासारखा तिच्या बाजूने उभा. 1981 च्या वन्यजीव कायद्याखाली घरट्यावरच्या ससाण्याला जाणूनबुजून किंवा बेपर्वाईने त्रास दिला तर दंड, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद. म्हणून ब्रिटिश माउंटेनिअरिंग कौन्सिल बंदी जाहीर करतं. जोडपं कुठल्या कपारीत उतरलंय त्यावर कुठले रूट बंद ते ठरतं. पिल्लं लवकर उडाली तर बंदी लवकर उठते, उशीर झाला तर लांबते. तेव्हा गेल्या वर्षीच्या माहितीवर विसंबू नका, निघायच्या आदल्या रात्री कौन्सिलची नोंद बघा आणि पायथ्याची पाटीही वाचा.

तक्रार करायची तर जागा नाही, कारण बाईंचं बरोबर आहे. माणूस जवळ आला, त्यातही घरट्याच्या वरच्या बाजूला, की ती उठते, 'कॅक-कॅक-कॅक' करत घिरट्या घालते आणि तोवर अंडी गार पडतात. डीडीटीने अंड्यांची कवचं पातळ होऊन 1960 च्या दशकात ही जमात ब्रिटनमधून जवळजवळ निघालीच होती. एवढं सोसून आलेल्या बाईपुढे आमचा प्रोजेक्ट काय सांगायचा?

मग खुल्या रूटवर सराव करायचा. पहिला बोल्ट काठीने क्लिप करा, म्हणजे जमिनीवरूनच दोर त्यात अडकवा. त्याआधी पडलात तर घोटा तिथेच मोडतो. पुढे बोल्टागणिक दोरावर बसून होल्ड ब्रशने घासा. मॅलमचे होल्ड हजारो हातांनी घासून पायरीच्या फरशीसारखे गुळगुळीत झालेत, त्यावर चॉकचा, म्हणजे हाताचा घाम टिपायच्या पांढऱ्या भुकटीचा, लेप चढला की पाय सटकलाच. आधी शेवटचे चार बोल्ट सलग जोडा, मग एकेक बोल्ट खाली सरका. खालून वर पाठ करणाऱ्याला सुरुवात झोपेतही येते आणि शेवट कधीच येत नाही. दोन प्रयत्नांमध्ये अर्धा-पाऊण तास बसा. बोटाची कातडी गुलाबी दिसली की बूट काढा. दोराच्या मोकळ्या टोकाला गाठ मारायला विसरू नका, दोर अपुरा पडून खालून दोर सांभाळणाऱ्याच्या हातून टोक सुटलं तर माणूस थेट जमिनीवर येतो.

सह्याद्रीत हे खातं आग्या मोहोळाकडे असतं. तिथे पाटी नाही, तारीख नाही, सुनावणी थेट कड्यावर. त्या मानाने ससाणीणबाई बऱ्याच सनदशीर म्हणायच्या.

शेवटी बंदी उठते, साधारण जून-जुलैत. तोवर दक्षिणमुखी कडा तव्यासारखा तापलेला, बोटांना घाम, होल्ड साबणासारखे. ऊन उतरल्यावर जा. बॅटरीवरचा पंखाही न्या, लोक नेतात.