बेकारी आणि दंगलीचे गणित इतके सरळ नाही

मंदीत कारखान्यांना टाळे लागले की बेकार झालेले कामगार दंगली करणारच, असे विधान सध्या फार फिरते आहे. त्यासाठी २००८-०९ च्या जागतिक मंदीतील चीनचा दाखला दिला जातो आणि कामगारांना संरक्षण देणाऱ्या कायद्यांनीच त्यांची भीड चेपली, असा निष्कर्षही त्याला जोडला जातो.

बेकारीतून उद्रेक आपोआप होतो, हेच मुळात सिद्ध झालेले नाही. ऑस्ट्रियातील मारिएनथाल गावाचे पोट ज्या कापडगिरणीवर होते, ती १९२९-३० च्या सुमारास बंद पडली. समाजमानसशास्त्रज्ञ मारी याहोदा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे मुक्काम करून पाहणी केली, तेव्हा त्यांना बंड दिसले नाही, मरगळ दिसली : वाचनालयाची फी माफ होऊनही पुस्तके कमी जात होती, राजकीय संघटना ओस पडत होत्या आणि रस्त्याने जाणाऱ्या पुरुषांची चालही मंदावली होती. चीनमध्येही फेब्रुवारी २००९ मध्ये सुमारे २ कोटी स्थलांतरित कामगारांचे काम गेल्याचे सरकारनेच सांगितले. तरी देशव्यापी उठाव झाला नाही.

मग जिथे लोक रस्त्यावर आले, तिथे ते मागत काय होते? ऑक्टोबर २००८ मध्ये दक्षिण चीनमधील डोंगग्वान परिसरात खेळण्यांची एक मोठी कंपनी एकाएकी बंद पडली. हजारो कामगार स्थानिक सरकारी कचेरीसमोर जमले, ते केलेल्या कामाचा थकलेला पगार मागण्यासाठी. आणि प्रशासनाने तो स्वतः चुकता करायला घेतल्यावर गर्दी पांगली. त्याआधी २००२ मध्ये डाचिंगच्या तेलक्षेत्रातील कामगार उसळले, तेव्हा तर देशात मंदीही नव्हती. एकरकमी भरपाई घेऊन ते केव्हाच घरी बसले होते; विम्याचे हप्ते वाढवले गेले आणि घर गरम ठेवण्यासाठी मिळणारे अनुदान बंद झाले, तेव्हा आपण फसवले गेलो अशी त्यांची खात्री झाली. नोकरी गेल्याच्या दुःखापेक्षा ठरलेली देणी बुडाल्याचा संताप माणसांना एकत्र आणतो, असेच ही उदाहरणे सांगतात.

कायद्यांवरचा आरोप थोडक्यात निकालात काढता येतो. १ मे २००८ पासून चीनमध्ये कामगार लवादाची फी रद्द झाली आणि त्या वर्षी दाखल तंटे जवळपास दुप्पट होऊन ६.९ लाखांवर गेले. हा आकडा अशांततेचा पुरावा म्हणून मिरवला जातो, हे अजबच. लवादाकडे अर्ज करणाऱ्या माणसाने दगड उचललेला नसतो.

प्रत्यक्ष हिंसा झालीच नाही, असे म्हणता येणार नाही. जुलै २००९ मध्ये थोंगह्वा येथील पोलाद कारखान्यात जमावाने खासगी कंपनीच्या एका अधिकाऱ्याला जिवे मारले, आणि त्या कृत्याचे समर्थन होऊ शकत नाही. परंतु तोवर चीनची अर्थव्यवस्था सावरू लागली होती आणि कामगारांची नोकरी अजून शाबूत होती. ठिणगी पडली ती कारखाना खासगी कंपनीच्या ताब्यात जाऊन कपात होणार या भीतीने. तो व्यवहार लगेच रद्द झाला, आणि पुढच्याच महिन्यात सरकारमान्य कामगार महासंघाने बजावले, की कामगार प्रतिनिधींच्या सभेपुढे न मांडलेली पुनर्रचना अमलात आणू नये.