गोदावरी उर्फ सुनीता

‘सरकारी काम अन् सहा महिने थांब’ असं लोक म्हणतात, ते आमच्या कलेला कमी लेखून. मी एका सरकारी खात्यात आवक-जावकच्या टेबलावर हयात काढलेली आहे. सहा महिन्यांत काम उरकून मोकळा होणारा कारकून आमच्यात कच्चा समजतात. ‘नाही’ न म्हणता अर्जदाराला परत पाठवायचं, त्यानं जाताना वर ‘उपकार झाले’ म्हणायचं आणि अर्ज होता तिथंच राहायचा, याला बैठक लागते. या विद्येत आपल्याला कुणी हरवील असं मला वाटत नव्हतं. मग लेकानं आमचा अमेरिकेच्या ग्रीन कार्डाचा अर्ज भरला.

‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या गावात जन्म गेल्यावर अमेरिकेचं कौतुक असायचं काही कारण नव्हतं. पण लेक तिकडं नागरिक झाला, त्याला मुलगी झाली आणि मोबाईलमध्ये वाकून वाकून नात बघताना आमच्या घरच्यांची, म्हणजे बायकोची, मान धरायला लागली. लेक म्हणाला, “बाबा, एकवीस वर्षांवरच्या नागरिकाला आईबापासाठी अर्ज करता येतो. आईबापाला कोटा नसतो, लवकर होतंय.” कोटा असतो तो भावाबहिणींना. वर्षाला ६५ हजार जागा सगळ्या जगात मिळून, आणि हिंदुस्थानातल्यांची रांग पंधरा वर्षांच्या पुढची. हे ऐकून आमची धाकटी म्हणाली, “माझा पण भरून ठेव दादा. माझ्या पोरांच्या लग्नापर्यंत येईल कामाला.”

अर्ज दोघांचे दोन. नवराबायकोला एका अर्जात बसवायची सोय नाही. २०२४ च्या एप्रिलपासूनचा भाव असा, की ऑनलाइन भरला तर ६२५ डॉलर आणि कागदावर भरला तर ६७५. कागदाला जास्त पैसे! माझ्यातल्या आवक-जावकला वाईट वाटलं. घरच्यांनी रुपयांत हिशोब मांडला, माणशी पन्नास हजारांच्या वर, आणि विचारलं, “एवढ्यात विमानाचं तिकीटबी येतंय का?” म्हटलं, नाही, एवढ्यात पोच येते.

पोच आली. तीन इंग्रजी अक्षरं आणि पुढं दहा आकडे. मी जन्मभर जावक क्रमांक घातले, पण चार आकड्यांच्या पुढं कधी गेलो नाही. एक जानेवारी आली की पुन्हा एकपासून सुरू. दहा आकडी क्रमांक बघूनच खात्याचा आवाका लक्षात आला.

काही महिने गेल्यावर मी लेकाला म्हटलं, जरा विचार की, कुठवर आलंय. तो म्हणाला, “अजून विचारता येत नाही.” म्हणजे? तर तिकडच्या इमिग्रेशन खात्याच्या वेबसाइटवर एक रकाना आहे. त्यात अर्ज मिळाल्याची तारीख टाकायची, की तो सांगतो, तुम्ही अमुक तारखेपासून आपल्या अर्जाची चौकशी करू शकता. काम कधी होईल ते नाही. चौकशी कधी करायची ते! मी चष्मा पुसून परत वाचलं. नोकरीभर मी लोकांना ‘सोमवारी या’ म्हणत आलो, पण ते तोंडी. सोमवारी माणूस यायचाच आणि त्याच्यासाठी नवा सोमवार काढावा लागायचा. विचारायलाच तारीख लावून द्यावी, ही अक्कल आमच्या एकाही साहेबाला सुचली नाही. मी त्या अज्ञात कारकुनाला परभणीतून हात जोडले.

विचारायची तारीख यायच्या आधीच तिकडून पत्र आलं. लेक त्याला ‘आरएफई’ म्हणत होता. मी दोन ओळी वाचल्या आणि ओळख पटली. हे तर त्रुटीपत्र! उत्तराला मुदत जास्तीत जास्त ८४ दिवस, आणि एकदाच काय ते सगळं पाठवा, थोडं थोडं पाठवाल तर तेवढ्यावरच निकाल लावू. इथंही मान गेला त्यांच्याकडं. आम्ही एकेक त्रुटी काढायचो.

त्रुटी कसली, ते सांगायचं तर लग्नापर्यंत मागं जावं लागतं. माझ्या आईचं नाव गोदावरी. जी नवरी ठरली तीही गोदावरी. एका घरात दोन गोदावऱ्या कशा चालाव्यात? सासूला हाक मारली की सून ओ देणार आणि सुनेवर ओरडलं की सासू रुसणार. तेव्हा ताटातल्या तांदळात अंगठीनं ‘सुनीता’ लिहिलं आणि प्रश्न मिटला. पहिलं बाळंतपण माहेरी, गंगाखेडजवळच्या एका खेड्यात. जन्माची खबर मुदतीत द्यायची असा १९६९ चा कायदा, आणि सासरे कायद्याला भिऊन असणारे. ते धोतर झटकून ग्रामसेवकाकडं गेले आणि आईच्या रकान्यात आपल्या लेकीचं नाव सांगून आले. त्यांच्या लेकीचं नाव गोदावरी.

आता माझ्या पासपोर्टावर आईचं नाव गोदावरी, बायकोचं सुनीता. लेकाच्या जन्मदाखल्यावर बाप मी आणि आई गोदावरी. हे दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचले, की आमच्या घराण्याचा वंशवृक्ष असं काही वळण घेतो की मी ते दुसऱ्यांदा वाचलं नाही. तिकडच्या साहेबानं बहुतेक वाचलं असावं.

नशीब, त्यानं जन्मतारखांना हात घातला नाही. माझी १ जून, घरच्यांची १ जून, आमच्या दोन्ही व्याह्यांची १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींच्या मनाला आलेली तारीख ती, आमची अख्खी पिढी त्याच दिवशी जन्मली. ऑफिसात दर ३१ मेला निरोप समारंभांची अशी गर्दी उसळायची की एकच हार तीन गळ्यांतून फिरायचा.

काय पुरावा चालेल ते विचारून घ्यावं, म्हणून मी स्वतः वेबसाइटवर उतरलो. कोपऱ्यात चॅटची खिडकी होती. तिच्यातून एक बाई, म्हणजे यंत्रच, मदत करू का म्हणून विचारत होती. बिनखुर्चीची, बिनजेवणाची, रजेवर न जाणारी. मी जमेल त्या इंग्रजीत लिहिलं, की माझ्या बायकोचं लग्नाआधीचं नाव गोदावरी आहे आणि आता सुनीता आहे, तरी काय करावं. बाईंनी विचारलं, तुम्हाला पत्ता बदलायचा आहे का? नाही म्हटलं. मग त्यांनी नाव बदलण्याचा अर्ज कुठं मिळतो ते दाखवलं. मी लिहिलं, नाव बदलून झालंय, तांदळात. यावर ‘मला समजलं नाही, थोडक्यात सांगा’. मी ‘गोदावरी’ एवढंच लिहिलं. याहून थोडकं काय असणार? बाईंनी परत पत्ता बदलायचा अर्ज पुढं केला. चिडल्या मात्र एकदाही नाहीत. मी चौथ्या प्रश्नाला फाईल आपटत असे.

मग लेकानं फोन लावला आणि मला दुसऱ्या मोबाईलवरून ऐकायला घेतलं. तिकडच्या पूर्व किनाऱ्यावर सकाळचे आठ म्हणजे इकडं संध्याकाळचे साडेपाच, थंडीत साडेसहा. नेमकी आमच्याकडं लाइट जायची वेळ. मी अंधारात, डास मारत, साता समुद्रापलीकडच्या खात्याचं संगीत ऐकत बसलो. आधी यंत्र म्हणालं, कशासाठी फोन केला ते थोडक्या शब्दांत सांगा. लेक म्हणाला, माणूस द्या. यंत्र म्हणालं, त्याआधी थोडक्यात सांगा. शेवटी माणूस, म्हणजे खरी बाई, आली. तिनं ताटकळल्याबद्दल आभार मानले, दिवस कसा चाललाय ते विचारलं. मग झालेला संवाद मी टिपणीत उतरवून ठेवलाय.

“शपथपत्र दिलेलं चालेल का?”

“पत्रात जे मागितलंय ते पाठवा.”

“पत्रात ‘पुरावा पाठवा’ असं लिहिलंय.”

“बरोबर. पुरावा पाठवा.”

माझ्या तोंडून ‘वा!’ निघून गेलं. लगेच तिकडून विचारणा, की लाइनवर दुसरं कोण आहे? लेकानं सांगितलं, वडील आहेत, ग्रीन कार्ड त्यांचंच आहे. बाई अत्यंत आदबीनं म्हणाल्या, त्यांच्याशी आम्हाला बोलता येणार नाही, अर्जदार तुम्ही आहात. म्हणजे अमेरिकेला जाणार मी, नाव माझं, फोटो माझा, आणि माझ्याबद्दल माझ्याशीच बोलायचं नाही. बोलणं संपताना त्यांनी विचारलं, आज मी तुम्हाला आणखी काही मदत करू शकते का? यातला ‘आणखी’ ऐकून मी कपाळालाच हात लावला.

शेवटी मी माझ्या पद्धतीनं गेलो. जन्म डोळ्यानं बघितलेली माणसं गाठायची, शपथपत्रं करायची, इंग्रजी भाषांतराखाली भाषांतरकाराची सही घ्यायची आणि जाड गठ्ठा पाठवायचा. कागद कमी पडला तर त्रुटी निघते, जास्त झाला तर वाचणारा दमतो, हे शास्त्र सगळीकडं एकच असणार.

साक्षीदार म्हणून घरच्यांचे थोरले मामा आले. ऐंशी पार केलेले, पटका, हातात काठी, खिशात चंची. कोर्टाच्या आवारात चिंचेखाली टायपिस्टांची टेबलं असतात, तिथं त्यांना बसवलं. टायपिस्टानं नमुना काढला: ‘मी शपथेवर लिहून देतो की, गोदावरी व सुनीता ही एकच व्यक्ती आहे.’

मामा म्हणाले, “थांब. आसं कसं? गोदावरी दोन हायेत. एक ह्यायची माय, अन् एक आमची गोदी.”

“मामा, तुमच्या गोदीचंच लिहायलाव.”

“मंग गोदी लिही. गोदावरी म्हणून तिला कोण हाक मारलंय?”

टायपिस्टानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. एवढ्या कष्टानं दोनवर आणलेली नावं तीन होऊ द्यायची नव्हती. मग मामांचं म्हणणं पडलं, की बाळंतपणाच्या रातीला पाऊस लागला होता, ओढ्याला पूर होता, सुईणीला बैलगाडीतून आणली आणि गाडी मामांनी हाकली, हे समदं आलं पाहिजे. मी म्हटलं, अमेरिकेला बैलाचं काय? मामा म्हणाले, “बैल खरा व्हता. मंग लिहायला काय जातंय?” आणि सांगायला हरकत नाही, की सगळ्या गठ्ठ्यात तेवढाच एक परिच्छेद मला पुराव्यासारखा वाटला. तो तसाच ठेवला. पोलीस पाटलाच्या मळ्यातून गाडी वळवली, हेही आलं. नोटरीनं शिक्का मारला, मामांनी अंगठा न उठवता सही केली, ‘स’ काढायला जरा वेळ लागला.

गठ्ठा गेला. उत्तर मिळाल्याचं वेबसाइटवर दिसलं आणि पुन्हा शांतता. चौकशीची तारीख आता पुढं सरकली होती. तेव्हा लेक सहज बोलून गेला, की इथं लोक आपल्या भागातल्या काँग्रेस सदस्याच्या ऑफिसला कळवतात. एक संमतिपत्र सही करून द्यायचं, मग त्यांची माणसं खात्याकडं विचारणा करतात.

“म्हणजे खासदाराची चिठ्ठी?”

“तसंच काहीतरी.”

“अरे मग हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं!”

मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. एवढी यंत्रं, एवढे दहा आकडी क्रमांक, आणि शेवटी चिठ्ठीच. मी लेकाला सूचना केल्या: कुणाच्या ओळखीनं जायचं, हार न्यायचा का, आधी पीएला भेटायचं. तो म्हणाला, बाबा, ऑनलाइन फॉर्म आहे. तिकडच्या पीएचं उत्तर मात्र चटकन आलं: खात्याला विचारलं, तुमचा अर्ज विचाराधीन आहे. चिठ्ठीला असंच उत्तर मी स्वतः शेकड्यांनी टाइप केलंय, त्यामुळं काम होणार याबद्दल माझी खात्री पटली.

आणि झालं. दोन्ही अर्ज मंजूर. पेढे आणले, गल्लीत वाटले. “अमेरिकेला जायलात म्हणं,” करत लोक येऊन गेले. रात्री लेकाचा फोन आला, की खात्याचं काम संपलं, आता फाईल दुसऱ्या ऑफिसकडं जाते, तिथं वेगळी फी, वेगळा फॉर्म, पोलिसांचा दाखला, मेडिकल, मग मुंबईला मुलाखत. पेढा माझ्या तोंडातच होता.

नव्या फॉर्ममध्ये एक प्रश्न आहे: आजवर आणखी कोणत्या नावांनी ओळखले गेलात? लेकानं बजावलं, यावेळी काही गाळायचं नाही. मी लॅपटॉप घेऊन बसलो, घरचे शेजारी भाजी निवडत होते. मी गोदावरी टाकलं. मामांच्या शपथपत्राखातर गोदीही टाकलं. म्हटलं, अजून?

त्यांनी मेथीची जुडी सोडली. “सासूबाई मला ज्या ज्या नावांनी हाक मारायच्या ती समदी घालायची का? मग दुसरा कागद घ्या.”