दीर्घ श्वास घ्या म्हणे!

परत एकदा 'ताणमुक्त शिक्षक' प्रशिक्षण. तेही रविवारी! डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या. मी डोळे मिटले आणि खिशातला मोबाईल थरथरला: "जिओ टॅग फोटो पाच वाजेपर्यंत न टाकल्यास गैरहजर समजण्यात येईल." घ्या श्वास!

अहो, द्विशिक्षकी शाळा आमची. जोडीदार गुरुजी प्रतिनियुक्तीवर, म्हणजे पहिली ते चौथी एका खोलीत मी एकटाच. त्यात खिचडीचा तांदूळ मोजा, ताटं किती ते अ‍ॅपवर भरा, यू-डायसमध्ये (शाळांच्या माहितीची सरकारी ऑनलाइन नोंद) पोराचं आधारचं नाव जुळेना म्हणून त्याच्या बापाला शेतातून बोलवा, संध्याकाळी बीएलओ, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकारी म्हणून मतदार यादी घेऊन दारोदार फिरा. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम २७. त्यात जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामं लिहिलीत. (निवडणूक पाच वर्षांनी येते, हा आमचा गैरसमज.) बाकीची कुठून उगवतात?

परवा दुसरीतली पोरगी पाटी धरून कितीतरी वेळ शेजारी उभी. "गुरुजी, बघा ना." मी ओटीपीची वाट बघत होतो.

आता प्रशिक्षणाचा अहवाल द्यायचाय, तीन प्रतींत. मनःशांती लाभली का? होय / नाही. 'नाही'वर खूण केली तर पुन्हा बोलावतील, म्हणून मुकाट्यानं 'होय'.