तिचे तास कुणी मोजलेच नाहीत

माझ्या शेजारच्या खोलीत बसणाऱ्या प्राध्यापिकेचं बीपी गेल्या आठवड्यात 180 वर गेलं. वय सेहेचाळीस. मेक्सिकन-अमेरिकन, टेक्सासच्या सीमेलगतच्या गावात वाढलेली, घरातून कॉलेजात गेलेली पहिली मुलगी. लॅटिनो, म्हणजे मुळं लॅटिन अमेरिकेत असलेल्या, कुटुंबांतला मधुमेह हा तिचा विषय, आणि मी संख्याशास्त्राची असल्यामुळे तिच्या अभ्यासाचे आकडे माझ्या हाताखालून जातात. दवाखान्यातून मला फोन करून ती म्हणाली, "गुरुवारच्या कमिटीला येता येणार नाही, तेवढं सांगशील?" कमिटी! त्या क्षणी तिला आठवली ती कमिटी. तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात घोळतंय.

भारतातल्या मित्रमैत्रिणींसाठी थोडं मागे जाते. 2020 च्या जनगणनेत अमेरिकेत लॅटिनो म्हणून 6 कोटी 21 लाख माणसं नोंदली गेली, म्हणजे जवळपास पाचातला एक. पण ही एक जमात नव्हे. टेक्सास-कॅलिफोर्नियातली काही घराणी 1848 च्या आधीपासून, म्हणजे तो मुलूख मेक्सिकोचा होता तेव्हापासून, त्याच जमिनीवर आहेत. त्यांनी सीमा ओलांडली नाही, सीमाच त्यांच्यावरून गेली. पोर्तो रिकोची माणसं 1917 पासून अमेरिकेची नागरिक आहेत. क्युबाची बरीचशी 1959 च्या क्रांतीनंतर आली, ग्वाटेमाला-एल साल्वादोरची यादवीतून जीव वाचवून. दवाखान्याच्या फॉर्मवर मात्र या सगळ्यांना मिळून एकच चौकट.

त्या एका चौकटीनं फार घोळ घातला आहे. 1986 मध्ये मार्किदीस आणि कोरील या संशोधकांनी दाखवून दिलं की नैर्ऋत्य अमेरिकेतले हिस्पॅनिक (लॅटिनोंचंच दुसरं नाव) लोक गरीब आहेत, त्यांना विमा कमी, शिक्षण कमी, तरी त्यांचा मृत्युदर गोऱ्यांच्या जवळपास आहे. याला ‘हिस्पॅनिक पॅराडॉक्स’, म्हणजे हिस्पॅनिक विरोधाभास, असं नाव पडलं. काहींनी शंका घेतली की म्हातारी, आजारी माणसं मरायला मायदेशी परत जात असतील, म्हणून ते मृत्यू इथे नोंदले जात नसतील. 1999 मध्ये आब्राईदो-लान्झा आणि सहकाऱ्यांनी ही शंका फार सुंदर रीतीनं तपासली. क्युबन माणसाला परत जाणं शक्यच नव्हतं, आणि पोर्तो रिकोतला मृत्यू अमेरिकेच्याच नोंदीत धरला जातो. तरी या दोन्ही गटांत मृत्युदर कमीच दिसला. म्हणजे नुसत्या परत जाण्यानं कोडं सुटत नव्हतं. असा युक्तिवाद वाचला की मला माझ्या विषयाचा अभिमान वाटतो.

पण पुढे या पॅराडॉक्सची गोड गोष्ट झाली. यांची कुटुंबं घट्ट असतात, आजी घरात असते, ताटात राजमा असतो, म्हणून ही माणसं जगतात! आणि मधुमेह झाला की तीच संस्कृती गुन्हेगार: यांचं खाणंच तसलं, हे दैववादी, हे डॉक्टरकडे उशिरा जातात. मेरिलँड विद्यापीठातल्या रूथ एनिड झांब्राना कित्येक वर्षं या दोन्ही गोष्टींवर बोट ठेवत आल्या आहेत. संस्कृतीचं नाव घेतलं की उत्पन्न, वस्ती, शाळा, विमा, कामाची जागा, वंशभेद यांकडे बघायची गरजच उरत नाही, हा त्यांच्या मांडणीचा गाभा. मला तो शंभर टक्के पटतो, आणि पटायला आकडेच कारण झाले. 2019 मध्ये लॅटिनो माणसाचं सरासरी आयुर्मान 81.9 वर्षं होतं, गोऱ्यांचं 78.8. कोविडच्या 2020 मध्ये लॅटिनोंचं 77.9 वर आलं. एका वर्षात चार वर्षं गेली! आजी होती, राजमाही होता. पण मांस कापायच्या कारखान्यात खांद्याला खांदा लावून कोण उभं होतं, शेतात भाजी कोण तोडत होतं, हॉटेलांच्या मोरीवर कोण होतं? घरून काम करायची सोय त्यांना नव्हती, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे विमाही नव्हता.

चौकट फोडून आत पाहिलं तर चित्र आणखी बदलतं. ब्राँक्स, शिकागो, मायामी आणि सॅन दिएगो इथल्या सोळा हजारांवर लॅटिनो माणसांचा एक मोठा अभ्यास 2008 मध्ये सुरू झाला. त्यात मधुमेहाचं प्रमाण दक्षिण अमेरिकेतून आलेल्यांमध्ये 10 टक्क्यांच्या आसपास निघालं, मेक्सिकन वंशाच्या लोकांमध्ये 18 टक्क्यांच्या. आता यांची सरासरी काढून कुणाला काय कळणार?

भाषेचंही तसंच. 1980 मध्ये दक्षिण फ्लोरिडात अठरा वर्षांच्या एका मुलाला बेशुद्धावस्थेत इस्पितळात आणलं. घरचे म्हणाले, ‘इंतोक्सिकादो’. क्युबन बोलीत त्याचा अर्थ बाधलंय, काहीतरी खाण्यात आलंय. ऐकणाऱ्यांनी इंग्रजी अर्थ घेतला, नशा केली असा, आणि अमली पदार्थ जास्त घेतल्याचे उपचार केले. खरं तर मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलाचे दोन्ही हात, दोन्ही पाय कायमचे लुळे पडले. पुढे दाव्यात भरपाई ठरली, 7 कोटी डॉलरच्या घरातली. ही गोष्ट मी वर्गात दरवर्षी सांगते आणि दरवर्षी माझा आवाज अडकतो.

आता पुन्हा शेजारच्या खोलीकडे. आमच्याकडे स्पॅनिश बोलणारा रुग्ण आला, दुभाषी मिळाला नाही, की फोन तिला. लॅटिनो विद्यार्थी नापास व्हायला आला, रडला, घरी जातो म्हणाला, तर पाठवा तिच्याकडे. कुठल्याही कमिटीत ‘विविधता’ हवी, बोलवा तिला. स्टॅनफर्डच्या आमादो पादिया यांनी 1994 मध्ये याला नाव दिलं होतं: ‘कल्चरल टॅक्सेशन’, आपल्या भाषेत सांस्कृतिक कर. हा कर भरल्याची पावती मिळत नाही. टेन्यूअरच्या, म्हणजे कायम नेमणुकीच्या, फाइलमध्ये फक्त शोधनिबंध आणि ग्रँट मोजतात.

आणि शोधनिबंधांचं काय होतं? आपल्याच समाजावर संशोधन केलं की ते ‘तटस्थ’ नाही म्हणतात. 1988 मध्ये रेयेस आणि हाल्कोन या दोघांनी हा अनुभव लिहून ठेवला आहे, आणि आजही टोमणा तोच आहे. गोरा माणूस गोऱ्यांच्या हृदयविकारावर आयुष्य घालवतो, त्याला कुणी विचारत नाही की बाबा, तू तटस्थ आहेस का. पैशाचीही तीच कथा. 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये आलेल्या विश्लेषणात दिसलं की कृष्णवर्णीय शास्त्रज्ञांना एनआयएचची, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची, ग्रँट मिळण्याची शक्यता गोऱ्यांपेक्षा 10 टक्के-बिंदूंनी कमी होती. 2019 मध्ये त्यामागचं एक कारण पुढे आलं, विषयाची निवड. वस्तीचं आरोग्य, आरोग्यातली विषमता अशा विषयांना मुळात पैसा कमी मिळतो, आणि हे शास्त्रज्ञ नेमके तेच विषय जास्त घेतात.

झांब्राना यांचं 2018 चं पुस्तक ‘टॉक्सिक आयव्हरी टॉवर्स’ याच गोष्टीवर आहे: कामाच्या ताणाचा अल्पसंख्याक प्राध्यापकांच्या शरीरावर आणि मनावर काय परिणाम होतो. लॅटिनोंच्या आरोग्यावर इतकी वर्षं काम केलेल्या बाईंनी प्राध्यापकांकडे वळावं, याचं मला आधी नवल वाटलं होतं. आता नाही वाटत. रोगाचं कारण वस्तीत शोधणारी माणूस विद्यापीठाच्या इमारतीत शिरली की तिथेही तेच शोधणार ना? आजारी पाडणारी जागा ती आजारी पाडणारी जागा, तिच्या भिंतींवर पदव्या लावलेल्या असल्या म्हणून काय झालं.

याच पुस्तकातली एक गोष्ट मला स्वतःला लागली. ऐतिहासिकदृष्ट्या डावललेले म्हणजे त्या कृष्णवर्णीय, मेक्सिकन-अमेरिकन, पोर्तो रिकन आणि मूलनिवासी प्राध्यापक धरतात. माझ्यासारखे, शिकून-सवरून बाहेरून आलेले, त्यांत येत नाहीत. सांगलीत माझ्या वडिलांची सरकारी नोकरी होती, घरात पुस्तकं होती. मी इथे आले ती विमानात बसून, विद्यावेतनाचं पत्र हातात घेऊन. पण आमच्या माहितीपुस्तिकेत ‘विविधता’ म्हणून फोटो माझा आहे. अकरा वर्षांत मी तो काढा म्हटलं नाही, आणि हे लिहिताना मला लाज वाटते आहे.

एका चौकटीचा त्रास मलाही ठाऊक आहे. ‘एशियन’ या चौकटीत आपण जपानी, कोरियन, चिनी सगळ्यांबरोबर बसतो. पोट फारसं सुटलेलं नसताना चाळिशीत मधुमेह आणि हार्ट अटॅक हे आपल्या घराघरांतलं चित्र त्या सरासरीत बुडून जातं. 2010 मध्ये ‘मसाला’ नावाचा अभ्यास फक्त दक्षिण आशियाई लोकांवर सुरू झाला, तो अलका कनाया आणि नम्रता कंदुला यांच्या पुढाकारानं. आपल्या घरांतलं दुखणं ओळखणारं कुणीतरी त्या टेबलाशी होतं, म्हणून तो प्रश्न विचारला गेला. माझ्या मैत्रिणीच्या टेबलाशी असण्याचं मोल मला त्यावरूनच जास्त कळतं.

काल तिला भेटून आले. गोळ्या सुरू झाल्या आहेत, पंधरा दिवस विश्रांती. तिची 2019 पासूनची डायरी मी मागून घेतली आहे. त्यात प्रत्येक दुभाषाचा फोन, प्रत्येक रडणारा विद्यार्थी, प्रत्येक कमिटी तारखेनिशी लिहिलेली आहे. पहिल्या वर्षाचे तास मोजून झाले: 312. बाकीची वर्षं या शनिवार-रविवारी होतील. मग तो तक्ता विभागप्रमुखांकडे जाईल, खाली माझी सही घालून.